फटफटी आणि आईची शपथ

आमच्या महाळुंगे पडवळच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागं, वडलांची फटफटी वीस-बावीस वर्षं उभी होती. मोडली होती म्हणून नव्हे. आईनं शपथ घातली होती म्हणून.

मी तीन वर्षांचा असताना दोघं खोडदहून, आईच्या माहेराहून, परत येत होते. रस्त्यावर नवी खडी टाकलेली. वळणावर गाडी घसरली, आईचा हात मोडला आणि वडील निपचित पडले. बैलगाडी मिळेपर्यंत आई तशाच मोडक्या हातानं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नवरा गेला असंच तिनं धरलं होतं. दवाखान्यात वडलांनी डोळे उघडले, तेव्हा कसं वाटतंय वगैरे तिनं विचारलं नाही. त्यांचा हात उचलून आपल्या गळ्याला लावला आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ, परत त्या गाडीला हात लावाल तर."

घालणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, आणि मोडली तर घालणाऱ्याच्याच जिवावर बेतते, असं आमच्याकडं मानतात. वडील तसे देवऋषी, अंगारे-धुपारे यांची टर उडवणारे. पण विषाची परीक्षा कोण घेणार? त्यांनी गाडीला बोट लावलं नाही. विकलीही नाही.

गंमत म्हणजे खंडेनवमीला नांगर, कोयते, विहिरीवरची मोटर यांच्या ओळीत फटफटीचीही पूजा व्हायची, आणि ती करायची आईच. झेंडूची माळ घालून झाली की इंजिनाच्या प्लग काढलेल्या भोकात कोंबलेला चिंधीचा बोळा काढायची, पळीभर शेंगतेल आत सोडायची आणि बोळा परत बसवायची. का, म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. मुक्या जिवाला सणासुदीचं उपाशी ठेवू नये, असं तिचं उत्तर.

नव्वदचं दशक संपत आलं आणि वडलांचे हात थरथरायला लागले. आधी चहाच्या कपात कळायचं, मग सदऱ्याची बटणं लावताना. मंचरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि हा वाढतच जाणार हेही सांगितलं. परत येताना एसटीत वडील खिडकीतून रस्त्यावरच्या फटफट्या बघत होते. मग म्हणाले, "हात हाईत तवर एकदा फाट्यापर्यंत फटफटीवर जाऊन येतो."

मी घरी येऊन हे आईच्या कानावर घातलं. तिनं "नाय" म्हटलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. माझं डोकं फिरलं. माणसाचे हात चाललेत आणि ही जुन्या शपथेला चिकटून बसलीय! शपथ वडलांना होती, मला नव्हती. मी नारायणगावचा एक म्हातारा मिस्त्री गाठला आणि पुण्याहून सुट्टीला आलो की त्याला घेऊन गोठ्यात बसायला लागलो.

वडील बाजल्यावर बसून काठीनं दाखवायचे. हा नट, ती केबल. मिस्त्री एकदा सवयीनं म्हणाला, "तात्या, जरा हँडल धरा," तर यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. पाना त्यांच्या पायाशी पडला तरी काठीनं ढकलायचे. मिस्त्रीला वाटलं म्हातारा सटकलाय. मी त्याला शपथेचं सांगितलं, तेव्हा पाना स्वतःच उचलून घेत तो म्हणाला, "न्हाई, ते बरुबर हाय त्यांचं."

इंजिन जाम होतं. उघडलं तर आत शेंगतेलाचा राळेसारखा चिकटा. मी आईच्या नावानं बोटं मोडली. मिस्त्रीनं मात्र तो चिकटा रॉकेलनं धुऊन काढला आणि खालचं लोखंड मला दाखवलं. गंजाचा ठिपका नव्हता. हे सगळं चालू असताना आई आमच्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटूनच.

गाडी चालू करायची ठरली त्या सकाळी वडलांनी दाढी केली होती. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. गाडी अंगणात आणली. मिस्त्रीनं किक मारली, काही नाही. पुन्हा मारली तर किक उलटी येऊन त्याच्या नडगीवर बसली. मग मी मारत राहिलो. घामानं निथळलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि वडील एकदा गाडीकडं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. शेवटी एक मोठा बार झाला आणि इंजिन धडधडायला लागलं. पांढऱ्या धुरानं अंगण भरलं. भजी तळल्यासारखा वास सुटला.

भाकरीचा आवाज थांबला. आई पिठाच्या हातांनी दारात आली. वडील बाजल्यावरून उठले, गाडीजवळ गेले आणि वीतभर अंतरावर थांबले. हात थरथरत होते, पण त्यांनी ते पुढं केले नाहीत. ते नुसते तिच्याकडं बघत राहिले.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आई, सोड आता."

"तू गप. तुला न्हाई घातली." मग वडलांकडं वळून म्हणाली, "अवं, हात बघा की किती हालत्यात."

"म्हणून तर," वडील म्हणाले.

गाडी आता बंद पडते की काय, या भीतीनं मी एक्सिलेटर धरून होतो. शेवटी आई म्हणाली, "सुटली," आणि उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

वडील गाडीवर बसले. इंजिनाच्या धडधडीनं अख्खी गाडीच थरथरत होती, त्यामुळं त्यांचे हात वेगळे दिसेनात. क्षणभर मला ते अगदी धडधाकट वाटले. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि बोटं निसटली. गाडी उसळी मारून बंद पडली. मी पुन्हा चालू करून दिली. दुसऱ्या खेपेला क्लच सुटला तो गाडी सरळ उंबऱ्याकडं झेपावली. मी आणि मिस्त्रीनं हँडलला लोंबकळून ती आवरली. आई जागची हलली नव्हती. तिचं तोंड पिठाहून पांढरं पडलं होतं.

तिसऱ्यांदा किक मारायला मी पाय उचलला, तर वडलांनी मानेनंच नको म्हटलं. ते खाली उतरले. हात सदऱ्याला पुसत आईसमोर जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "परत घाल."

मला काही कळलं नाही. तिला मात्र लगेच कळलं. ती उठली, त्यांचा हालता हात आपल्या गळ्याला लावून धरला आणि म्हणाली, "घातली."

सकाळी आवाज ऐकलेले शेजारी संध्याकाळी विचारायला आले. वडील बाजल्यावर बसून सांगत होते, "गाडी एकदम चालू हाय, राव. आता फाट्यापर्यंत जाऊन आलो असतो. पर काय करता, हिनं शपथ घातलीय."

शेजाऱ्यांनी आईकडं बघितलं.

"घातलीय मी," आई म्हणाली. "लई भ्या वाटतं मला."