पोस्टाने शिकलेले मास्तर

चार मास्तर एकत्र शिकायला बसले की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर बारा होतो, त्यातून सगळे शेतीचे!

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातारा-सांगलीच्या खेड्यांतल्या हायस्कुलांत आम्ही शेती शिकवायचो. शेतीची पदवी होती, पण बी.एड. नव्हतं, म्हणून नोकरी कायम होईना. मग पोस्टाने बी.एड. सुरू केलं. धडे टपालाने यायचे, स्वाध्याय टपालाने जायचे आणि रविवारी साताऱ्यात वर्ग भरायचा. आमच्या मार्गदर्शक बाई वाईच्या. दर रविवारी पहिल्या एस.टी.ने यायच्या.

पहिल्याच स्वाध्यायात परिसराच्या मातीचं वर्णन करायचं होतं. मी तेव्हा लोणंदजवळच्या शाळेत. म्हटलं, वर्णन कशाला, नमुनाच देऊ! पुडी बांधून पाकिटात घातली. ती वाटेत फुटली आणि बाईंच्या घरी सगळ्यांचे स्वाध्याय काळेभोर झाले. माझ्या पेपरावर शेरा आला, "मातीला दहापैकी नऊ. उत्तराला चार."

खंडाळ्याचे माने सर माझ्याही वरताण. पाठाला शक्यतो खरी वस्तू आणा, असं बाई बोलून गेल्या होत्या. माने सरांनी एस.टी.च्या टपावर लाकडी नांगर चढवला. स्टँडवरून तो खांद्यावर घेऊन वर्गात पोचायला त्यांना साडेअकरा वाजले. बाईंनी पाठ शांतपणे ऐकून घेतला. शेवटी म्हणाल्या, "पुढचा पाठ ट्रॅक्टरवर असेल, तर आधी कळवा."

अभ्यासाच्या कॅसेटही यायच्या. पलूसचे बाबर सर, आमच्यातले थोरले, संध्याकाळी ओट्यावर टेप लावून बसायचे. हळूहळू आळीतली माणसं जमायला लागली. विषय बालमानसशास्त्र. आठवडाभर मुकाट ऐकून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं सर, ह्यो पोरांवर लय बोलतोय. उसावर कवा बोलणार?"

हसतो आम्ही, पण बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. आमच्या प्रत्येक कागदाच्या समासात त्या बारीक अक्षरात लिहायच्या, कुठे चुकलं आणि कसं सुधारायचं ते. पगार त्यांना कॉलेजच्या नोकरीचा, रविवार मात्र आमचे. माझी नोकरी टिकली ती त्या समासांमुळे.

बाबर सरांचं मात्र अवघड होतं. लेखी पेपर उत्तम. पण परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसले की त्यांची वाचाच जायची. दोनदा नापास झाले. ही तिसरी आणि शेवटची संधी. संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा बी.एड. नाही तर जूनपासून येऊ नका.

शाळेच्या मुलांपुढचा पाठ होता गुलाबावर डोळा भरण्याचा, म्हणजे कलम करण्याचा. टेबलावर काड्या, चाकू, प्लॅस्टिकच्या पट्ट्या. सरांनी फळ्यावर विषय लिहिला, वळले, परीक्षकांकडे पाहिलं आणि गप्प. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मी खिडकीबाहेर उभा होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावर परीक्षकांशेजारी बसलेल्या बाईंनी हात वर केला. "सर, मला डोळा भरता येत नाही. दाखवाल का?"

सरांनी काडी उचलली. साल कशी चिरायची, डोळा कसा सरकवायचा, हे सांगता सांगता ते बाकांमधून फिरायला लागले. मुलांना काड्या वाटल्या, बाईंना दिली, शेजारून पुढे आलेल्या हातावर न बघता आणखी एक ठेवली. तास कधी संपला कळलं नाही. घंटा झाल्यावर ते एकेकाचं काम तपासत मागे आले.

"बाई, पट्टी ढिली हाय. सोडा, परत बांधा."

बाई खाली मान घालून परत बांधायला लागल्या. शेजारी परीक्षकांनी गुणपत्रिका बाजूला सारली आणि आपली काडी पुढे केली. "माझी बघता का?"

सरांनी काडी उजेडाकडे धरली, पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली.

"तुमी पास."