आप्पांचा वीस बाय दहाचा फ्लेक्स

या ग्रुपवरचे अनुभव मी नियमित वाचतो, पण करमणूक म्हणून, हे आधीच सांगून टाकतो. घाटातल्या वळणावरची बाई, पैंजणांचा आवाज, उलटे पाय... दर आठवड्याला तेच! एवढी भुतं खरंच असती तर एव्हाना त्यांनीही मंडळ काढलं असतं आणि अध्यक्षपदावरून भांडत बसली असती.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देवऋषी, उतारे, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. मी बारा वर्षं शिरोली एमआयडीसीत मशीन मेंटेनन्स केलं, आता कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बंद पडलेल्या वस्तूला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावर माझं पोट चालतं.

तर... गेल्या वर्षी, दिवाळीनंतरचा एक मंगळवार. दुपारी बाराला मोहनचा फोन आला. मोहन माझा शाळेपासूनचा मित्र, मंगळवार पेठेत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे.

"लेका, हाय तसा ये. कॉम्प्युटर झपाटलाय."

गेलो. मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगलेली! खाली सीपीयूला गुलाल फासलेला. तो फॅनच्या जाळीतून आत गेला होता ते वेगळंच. मोहन बी.कॉम. आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

"तीन दिस झालं, योकच फाईल छापाय टाकली की निळा पडदा येतोय आन् बंद पडतोय," तो म्हणाला. "बाकीचं समदं छापतंय. ह्यो फ्लेक्सच नगं म्हणतोय."

पुढचं कळायला आमच्या पेठांची एक थोर परंपरा सांगावी लागेल. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, खाली ओळीनं गॉगल लावलेली तीस टाळकी, हे सगळीकडे असतं. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचीही शर्यत असते. गल्लीतला नावाजलेला माणूस गेला की तिरडी बांधायच्या आत चौकात फ्लेक्स लागला पाहिजे, आणि तो वरच्या गल्लीच्या मंडळाआधी. मागून लावला तर वर्षभर खाली मान घालून फिरायचं. माणूस गेल्याचं दुःख नंतर सवडीनं.

स्क्रीनवर शंकरआप्पा होते. काळी किनार, कोपऱ्यात समई, "भावपूर्ण श्रद्धांजली", रक्षाविसर्जनाच्या तारखेची जागा रिकामी सोडलेली. शंकरआप्पा म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलचे जुने रेफ्री. चाळीस वर्षं त्यांनी दोन्ही गल्ल्यांच्या पोरांना सारख्याच मायेनं लाल कार्ड दाखवलं, त्यामुळे दोन्ही मंडळं त्यांना आपलंच समजायची.

"कधी गेले रे?" मी विचारलं.

मोहन बारीक आवाजात म्हणाला, "गेल्यालं न्हाईत अजून."

शनिवारी त्यांना हार्ट अटॅक आला होता. रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, चोवीस तास महत्त्वाचे. हे ऐकून मुलगी देवाला... बरं, ज्याला त्याला हात जोडत बसली, आणि खालच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष बंटी तडक मोहनकडे आला, आप्पांचा फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन. वरच्या गल्लीच्या आधी फ्लेक्स तयार पाहिजे! जिवंत माणसाचा! आणि आमचा बी.कॉम. मित्र डिझाइन करायला बसला, कारण तोही त्याच मंडळाचा.

मला किळस आली. पण कामाला आलो होतो, काम सुरू केलं.

फ्लेक्सचं मशीन कॉम्प्युटरला एका कार्डानं जोडलेलं असतं. ते कार्ड चालवायला जो छोटा प्रोग्रॅम लागतो तो ड्रायव्हर. कॉम्प्युटर कोसळला की कधी, कशामुळे कोसळला याची नोंद आत राहते. ती उघडली. रविवारी सकाळी ११.४२, सोमवारी संध्याकाळी ५.१६, मंगळवारी सकाळी १०.०८. तिन्ही वेळा गुन्हेगार एकच, त्या कार्डाचा ड्रायव्हर. मोहननं तो कुणाच्या तरी सांगण्यावरून पंधरा दिवसांपूर्वी कुठल्याशा साइटवरून "नवीन" म्हणून उतरवला होता.

"बाकीचे फ्लेक्स केवढे छापलेस?"

"धा बाय पाच. लईत लई."

आप्पांचा होता वीस बाय दहा. मी एक वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून वीस बाय दहा केला आणि छापायला सोडला. निळा पडदा! १.०५ ला चौथी नोंद पडली. म्हणजे मोठी फाईल आली की हा ड्रायव्हर मान टाकत होता. भुताला फुटांचं माप कळत नाही, ड्रायव्हरला कळतं, हे मी मोहनला त्याच्याच लिंबाकडे बोट दाखवून ऐकवलं. मग कार्डाच्या जुन्या सीडीवरचा मूळ ड्रायव्हर टाकला. तोच वाढदिवस सुरळीत छापायला लागला. हातभर आल्यावर बंद केला. केस संपली.

इथेच मी घरी गेलो असतो तर बरं झालं असतं.

आप्पांची मुलगी वैशाली आत आली. दवाखान्यात द्यायला वडिलांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स हव्या होत्या. मोहनचं दुकान दवाखान्याच्या समोरच आणि झेरॉक्सही तिथे निघायच्या, म्हणून आली. तिनं स्क्रीनकडे बघितलं. मोहनला फाईल बंद करायचंही सुचलं नाही.

ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मोहनदादा, माझा बा अजून श्वास घ्यालाय की हो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माणसानं अशा वेळी गप्प बसावं, पण मी हुशार! म्हटलं, "ताई, काळजी करू नका, तीन वेळा प्रयत्न केला, छापलाच गेला नाही," आणि शहाणपणा म्हणून वेळाही सांगितल्या.

तिनं मान वर केली. "परत सांगा."

सांगितल्या. तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि आलेले कॉल माझ्यापुढे धरले. आयसीयूतून आलेले. रविवार ११.४३. सोमवार ५.१७. आज १०.०९. "ह्या तीनच येळेला बोलावलंतं. नाडी लागत न्हाय, या म्हणून. धावत वर जाईस्तोवर परत लागायची. डॉक्टरबी चक्रावल्यात."

मी म्हटलं, योगायोग. मग चौथी वेळ आठवली. "एक वाजून पाच मिनिटांनी काही आलं होतं का?" तिनं बघितलं. नाही. मी मोठ्यांदा हसलो, मोहनकडे बघून, बघ म्हणून. हसू तोंडावर असतानाच लक्षात आलं... एक वाजून पाच मिनिटांनी मी आप्पांचा फ्लेक्स टाकलाच नव्हता. तो वाढदिवस होता.

तेवढ्यात बंटी आला. वैशालीची त्याच्याकडे पाठ होती, त्यानं तिला ओळखलं नाही.

"झालं का चालू, सर? वरच्या गल्लीवाल्यांनीबी डिझाइनला टाकलाय म्हणं," असं म्हणत त्यानं वाकून माऊस घेतला आणि स्वतःच प्रिंट दाबलं.

या वेळी निळा पडदा आला नाही. कसा येणार? मी दुरुस्त केलं होतं! मशीनचं हेड डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं, आणि पांढऱ्या कापडावर काळी किनार उमटायला लागली. बोटभर. चार बोटं.

वैशालीचा फोन वाजला.

तिनं कानाला लावला आणि तिचा चेहरा असा झाला की मी आयुष्यात कुणाचा तसा बघितलेला नाही. मी विचार केला नाही. विचार केला असता तर लाजलो असतो. मशीनची भिंतीतली पिन धरली आणि उपटली. दुकान शांत झालं, फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागला. नर्स म्हणत होती, "ताई, लवकर या, त्यांचं... थांबा... एक मिनिट थांबा हं... लागली. लागली नाडी. या तुम्ही, पण सावकाश या."

वैशाली उठली. बंटी आता भिंतीला टेकला होता. तिनं त्याच्यापुढे हात केला आणि त्यानं मुकाट्यानं पेन ड्राइव्ह दिला.

"बंट्या," ती म्हणाली, "माझ्या बानं तुला लाल कार्ड दावलं तवा तू रडत आमच्या घरला आलतास. त्येनंच तुला जेवाय वाढलंतं. जा, वरच्या गल्लीलाबी सांग. ज्येनं फ्लेक्स छापला त्येच्या दारात मी बसणार."

ती गेली. मोहननं फाईल पुसली. पेन ड्राइव्ह तिच्याकडे. विषय संपला होता, कुणी काही छापायचा प्रश्नच नव्हता. तरीही मी परत खुर्चीत बसलो, चालता, चांगला ड्रायव्हर काढला आणि तो खराब ड्रायव्हर, जो मी तासाभरापूर्वी शिव्या घालून फेकला होता, तो शोधून परत टाकला. स्वतःच्या हातानं. आजोबा असते तर त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं ते मला माहीत आहे.

"काय करालास?" मोहननं विचारलं.

"टेस्टिंग," मी म्हटलं.

अठरा दिवसांनी आप्पा चालत दुकानात आले. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. मी तिथेच होतो. त्यांनी ठसा घेणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला, त्याच कॉम्प्युटरवर त्यांचं नाव आलं, आणि मोहननं प्रिंट दिली. ते जिवंत असल्याचा कागद पहिल्या फटक्यात बाहेर आला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "चला, सरकारला तरी पटलं."

त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. वैशालीनंही नाही.

ड्रायव्हर का कोसळत होता ते मला माहीत आहे, कुणालाही समजावून देईन. घड्याळं का जुळली ते मात्र माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, होतं असं कधीकधी. हे उत्तर माझ्या गिऱ्हाइकाला मी दिलं असतं तर त्यानं मला दुकानातून हाकललं असतं. तुमच्यापैकी कुणी "आत्मा", "लहरी" वगैरे लिहिणार असेल तर कृपया लिहू नका, मला अजूनही हसू येतं.

मोहन दर महिन्याला म्हणतो, "भावा, मोठा फ्लेक्स निघंना झालाय, त्यो ड्रायव्हर बदल की."

आप्पा रोज संध्याकाळी त्या दुकानावरून फिरायला जातात. मी मोहनला सांगतो, बघू, पुढच्या आठवड्यात.