ओल्या लोकरीचा वास

काल मुलीनं हातानं धुतलेला स्वेटर गॅलरीत वाळत टाकला आणि ओल्या लोकरीचा वास घरभर पसरला. तिला तो वास आवडतो. मी उठून खिडकी लावून घेतली.

त्या जानेवारीत दादाच्या अंगात आईनं विणलेला असाच जाड स्वेटर होता. खमरियाच्या आमच्या क्वार्टरजवळ तलाव होता. तिथे त्यानं दोन वर्षं नाव चालवलेली, म्हणून त्या सकाळी नर्मदेवर त्यानं नावाड्याला, त्या म्हाताऱ्या केवटालाच काठावर ठेवलं. म्हाताऱ्यानं दोर सोडता सोडता एवढंच बजावलं, "भैया, नाव चट्टान से लगे तो चट्टान की तरफ ही झुकना."

"दोन वर्षांपासून चालवूनच राहिलो ना मी," दादा माझ्याकडे बघून हसला.

धुकं दाट होतं. पाणी उतरल्यामुळे खडक अर्धे वर, अर्धे खाली. प्रवाहानं नाव आडवी केली आणि एका खडकावर दाबून धरली. दादा झटकन खडकाकडे झुकला. मी घाबरून उलट्या बाजूला सरकलो. माझ्याच बाजूनं पाणी आत शिरलं आणि नाव उलटली. माझ्या हाताला खडक लागला. भिजलेल्या स्वेटरनं दादाला वर येऊ दिलं नाही.

"त्या मेल्यानं पोरांच्या हाती नाव दिलीच काहून?" आई मरेपर्यंत केवटाला शिव्याशाप देत राहिली. लोकांनी त्याला घाटावरून हुसकावलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

आता खरं सांगायचा धीर आलाय. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्यांच्यातलं कोणी उरलं नाही, म्हणून.