ताईच्या वहीतली कोरी ओळ

ताई गेली त्या सकाळी मी माझगावला ऑफिसात नुकता पोचलो होतो. शेजारच्या सावंतकाकींचा फोन आला, "बाबू, आधी घरी ये." मला कळलं... त्याला पाच आठवडे झाले. परवा इस्पितळातून तिसऱ्यांदा फोन आला, ताईंची वही परत हवी आहे. "सापडत नाहीये," मी म्हणालो. वही माझ्या उशाशीच होती.

ताईच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला होता. लालबागच्या आमच्या चाळीचे दोन जिने चढायला तिला पंधरा मिनिटं लागत. म्हणून ती श्वासातून ओढायच्या एका नव्या औषधाच्या चाचणीत गेली. यंत्रात औषध आहे की नुसतंच पाणी, हे चाचणीच्या नियमानुसार डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. दिवसातून चारदा ती यंत्र तोंडाला लावायची, जप करावा तसे बोटांच्या पेरांवर श्वास मोजायची आणि इस्पितळानं दिलेल्या वहीत लिहायची. त्रास झाला तर तोही त्याच ओळीत.

दर तपासणीला सहा मिनिटं चालून दाखवावं लागे. मी तिच्याकडून गॅलरीत सराव करून घ्यायचो, दारापासून नळापर्यंत, हातात घड्याळ धरून. सावंतकाकी विचारायच्या, "काय गो, शर्यतीक चललंस?" ताई धापा टाकत म्हणायची, "ह्या मास्तरांना विचारा!"

एका दुपारी, यंत्र खाली ठेवून दहाच मिनिटं झाली असतील, नळापाशी ती कोसळली. सावरल्यावर तिनं आधी वही मागितली.

"नको लिहूस. चाचणीतून काढून टाकतील."

"अरे, पण झालं ना तसं?"

"ऐक ना, ताई..."

तिनं ऐकलं. वहीतली त्या दुपारची ओळ कोरीच राहिली. पुढच्या तपासणीला नर्सनं विचारलं, "चक्कर वगैरे?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. "नाही," मीच म्हणालो.

त्यानंतर ती तीन महिने जगली. सांगितलं असतं तर वाचली असती का? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालेलं नाही. आता धास्ती वेगळीच आहे. आणखी कुणाची तरी ताई आज तेच श्वास मोजत असेल. ती कोसळली तर तिचे डॉक्टर म्हणतील, असं आधी कुणाला झालेलं नाही...

काल सकाळी वही उघडली. तिच्या कोऱ्या ओळीत लिहायला हात धजेना. समासात लिहिलं, "ह्या दिवशी ताई चक्कर येऊन पडली. लिहू नकोस, असं मी सांगितलं." खाली लिहिल्या दिवसाची तारीख घातली, सही केली.

गॅलरीत सावंतकाकी उभ्या होत्या. "खंय चललंस, बाबू?"

"ताईची वही द्यायला."

नळापाशी थोडा थांबलो. मग कठडा धरत, घड्याळाकडे न बघता, ताईच्या चालीनं जिना उतरलो.