आतली नळी

ऑपरेशनला जाण्याआधी मी पांडुरंगाजवळ एवढंच मागितलं होतं, की आवाज राहू दे. तो राहिला नाही. छातीच्या आजारात बरेच दिवस मी श्वासाच्या मशीनवर होते, आणि त्यानंतर माझी श्वासनलिका आतून आकसत गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि मला पवनीला घरी पाठवलं. श्वास आता नाकातून नाही, त्या नळीतून चालायचा. बोलणं बंद झालं, वास बंद झाला, जेवणाची चवही जवळजवळ गेली. आमचं घर माळकऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मोठ्याने भजन म्हणायची. घरी आल्यावर मात्र मी देवघराकडे पाठ येईल अशी खाट टाकायला लावली.

या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात कफ साचून सुकतो, म्हणून ती दिवसातून चार-पाचदा काढून धुवावी लागते. मुलगा वरठीला नोकरीवर, आठवड्याने घरी यायचा. हे सगळं सुनेवर. मी तिचा हात ढकलायची. जन्मभर तिच्यावर आवाज चढवला आणि आता तिच्यापुढे मान वर करून बसायचं, हे मला मरणाहून जड वाटे. एकदा पाटीवर लिहिलंही, ‘मले जाऊ द्या.’ तिने वाचलं, पाटी पुसली आणि पाणी गरम करायला गेली.

त्या दुपारी ती गळ्याच्या पट्ट्या आणायला मेडिकलमध्ये गेली होती. सकाळी मी नळी धुऊ दिली नव्हती. खोकला आला आणि कफाचा खडा आत अडकला. श्वास आत येईना. हाक मारायला आवाज नाही. मी खाटेवरून उतरले, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावरच कोसळले. गल्ली रिकामी होती. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा देवाचं नावही आठवलं नाही, हे खरं सांगते.

मासे विकणारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन येत होती. तिला मी ओळखत होते. कित्येक वर्षं मी तिला दारासमोरून जाऊ दिलं नव्हतं. दिसली की ओरडून मागच्या गल्लीने वळवायची. अलीकडे कोणी ओरडत नाही म्हणून ती आमच्या दारावरून जाऊ लागली होती. तिने टोपली धुळीत टाकली, हात पदराला पुसले, माझी मान मांडीवर घेतली आणि आतली नळी फिरवून बाहेर ओढली. भस्सकन हवा आत आली. मासळीच्या त्या हातांचा वास मला आला नाही. माझ्या नाकाला आता कशाचाच वास येत नव्हता.

सून आली तेव्हा ती बाई नळी धूत बसली होती. तिला हे कसं येतं, असं सुनेने विचारलं. ती खाली पाहत म्हणाली, “माह्या मालकालेबी अशीच नळी होती. आतली काढा लागते हे मले कोणी सांगतलं नव्हतं. मंग दवाखान्यातल्या बाईनं दाखवलं. तवा उपेग नव्हता.”

मी पाटी मागितली. लिहिलं, ‘मी तुले हाकलत होती.’ तिला वाचता येत नव्हतं; सुनेने हळूच वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आठोते मले. सासूबाईले आता निजू द्या.” मग तिने धुळीतले मासे वेचले, टोपली उचलली आणि गेली. तिचं नाव सुमन, हे मला त्या दिवशी सुनेकडून पहिल्यांदा कळलं.

मी देवाजवळ आवाज मागत होते. तो असता तर सुमन त्या दुपारी मागच्या गल्लीत असती आणि मी उंबऱ्यावरच मेले असते. याला कोणी योगायोग म्हणो, मी वाद घालणार नाही. पण माझ्यासाठी आलेली कृपा तिच्या नवऱ्यासाठी का आली नाही? तिच्या घरच्या मरणातून शिकलेलं माझ्या कामी आलं. एवढं मोठं देणं घेऊन जगायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

नळी कदाचित कायमची राहील, असं डॉक्टर म्हणतात. खाट आता देवघराकडे तोंड करून आहे, पण मागणं काही उरलं नाही. सकाळी सून गरम पाणी घेऊन येते, आणि तिने सांगायच्या आधीच मी मान वर करते. ती आतली नळी काढते, धुते, परत बसवते. तेवढा वेळ मी तिच्या हातात असते. शरण जाणं याहून वेगळं काही असेल, असं मला वाटत नाही.