उसना उंबरा

गोजरबाई ओरडून करवंदं विकत नसे. मंचरच्या गल्लीबोळांतून बाकीच्या बाया "डोंगरची काळी मैनाऽऽ" असा पुकारा करत फिरायच्या. ही आपली पाटी डोक्यावर घेऊन एखाद्या दारासमोर नुसती उभी राहायची आणि आतलं माणूस कधीतरी बाहेर येईल याची वाट बघायची. असा धंदा करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गंमत म्हणजे तिचीच पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची.

आमच्या बंगल्यासमोर मात्र कुणीच विकणारं थांबत नसे, कारण आमच्या गच्चीवर बंड्या होता.

बंड्या म्हणजे तांबड्या रंगाचं, एक कान पडलेलं गावठी कुत्रं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून परतताना मी त्याला कापडी पिशवीतून आणलं होतं. राजुरीच्या आमच्या मळ्यातल्या घरी तो दिवसभर दारात पडून असायचा, आणि खरंच कुणी परकं आलं तर दोनदा भुंकायचा. दोनदाच. मग नव्याण्णव साली आम्ही मंचरला हायवेच्या कडेला बंगला बांधला. माझे यजमान भरत कांद्याचा व्यापार करायचे, त्यांना मार्केटजवळ घर हवं होतं. इंजिनिअर म्हणाला, उंबरे आता कुणी करत नाही, फरशी आतून बाहेरपर्यंत सलग दिसली पाहिजे. तशी ती दिसू लागली, पांढरीशुभ्र. त्या फरशीवर पायाचे ठसे उमटतात म्हणून बंड्याची रवानगी गच्चीत झाली.

गच्चीवरून त्याला एसटी दिसे, कांद्याचे ट्रक दिसत, वराती दिसत, पलीकडच्या गिरणीवर बसलेले कावळेसुद्धा दिसत. तो सगळ्यांवर भुंकायचा. आम्ही ओरडून पाहिलं, पाणी मारून पाहिलं, गळ्यात काळा दोरा बांधून पाहिला. जनावरांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं तो दोन दिवस झोपला आणि उठल्यावर राहिलेलं सगळं भुंकून काढलं. मी भांडी घासताना, पोळ्या लाटताना अधूनमधून खिडकीतून "एऽ बंड्या, गप!" असं किंचाळायची. मला त्याची इतकी सवय झाली की एकदा बाजारात दुसऱ्याच कुत्र्यावर ओरडले.

दोन हजार एकच्या चैत्रात माझे सासरे दादाभाऊ यांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा झोप महत्त्वाची, घरात शांतता ठेवा. घरात शांतता आणि गच्चीत बंड्या! तो भुंकू लागला की दादा दचकून जागे व्हायचे.

"पुढच्या रविवारी सकाळी गाडी वाशीला चाललीय," भरत सोमवारी म्हणाले. "त्यात बसवतो बंड्याला. मार्केटात खायला मिळतं कुत्र्यांना."

"अहो, राजुरीला ठेवू ना परत."

"उसात बिबट्या हाय, माहीत हाय ना? शेजारच्या मळ्यातली दोन कुत्री नेली त्यानं." मग म्हणाले, "कुत्रं पाहिजे का दादा पाहिजेत, तेवढं सांग."

मी बंड्याची भाकरी घेऊन गच्चीत गेले. आठवडाभरानं आपण त्या पिशवीतल्या पिल्लाला वाशीच्या गर्दीत टाकून देणार आहोत, हे मला सहन होत नव्हतं.

मंगळवारी दुपारी मी खिडकीशी डोळे मिटून पडले होते. त्या दिवसांत मला झोप अशी लागतच नसे. भुंकणं ऐकू येत राही आणि त्याच्या आडून राजुरीचं दार दिसे, दारातलं ऊन, उन्हात पसरलेला बंड्या. तसंच काहीतरी दिसत असताना बंड्याचा आवाज एकदम वाढला. उठून पाहिलं तर फाटकाशी एक डोंगरातली म्हातारी पाटी उतरवून बसली होती आणि मान वर करून गच्चीकडे बघत होती. हीच गोजरबाई.

"पोरी," मी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ह्येला इतकं मोठं काम कुणी लावलं?"

"कसलं काम, मावशी?"

"कुत्र्याला एक दार द्यावं राखाया. तुमी त्येला सगळं मंचर दिलंय. कुठं कुठं पुरं पडंल ते?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. एका अनोळखी म्हाताऱ्या बाईपुढं मी फाटकाला धरून रडले. वाशीचं, रविवारचं, सगळं सांगून टाकलं. तिनं पाटीतली मूठभर करवंदं पळसाच्या पानावर काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "जा, आन खाली त्येला."

बंड्या खाली आला. गोजरबाईनं डोक्यावर चुंबळ करून ठेवलेलं जुन्या लुगड्याचं धडपं सोडलं आणि दाराशी अंथरलं. पुढचे तीन दिवस ती रोज डोंगराकडच्या शिनोलीहून वडापच्या जीपनं यायची, सकाळी पाटी संपवायची आणि दुपारी आमच्या दारात बसायची. करायची म्हणाल तर काहीच नाही. बंड्या हायवेकडे बघून भुंकला की ती तिकडे नीट बघायची, खरंच बघायची, आणि सावकाश म्हणायची, "बगितलं रं." मग पुन्हा बसायची.

"वरडू नगं त्येच्यावर," तिनं मला बजावलं. "तू वरडतीस तवा त्येला वाटतं, मालकीन बी भुकतीया, म्हंजी कायतरी लई मोठं आलंय."

म्हणजे दोन वर्षं मी आणि बंड्या मिळून भुंकत होतो तर! आठवून आजही ओशाळायला होतं.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात असल्यासारख्या आठवतात. करवंदांचा आंबटगोड वास, फरशीवर सरकत जाणारं ऊन, आत दादांचा संथ श्वास. हायवेची घरघर लांबून येत राही. गोजरबाई म्हणायची की डोळे झाकले तर ती घोड नदी वाटते. तिचं गाव त्या नदीच्या काठी होतं. डिंभ्याचं धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं.

शुक्रवारी तिनं मला काळूची गोष्ट सांगितली. काळू तिचं कुत्रं. गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं मोडून वासे, कौलं, दारं सरकारी ट्रकांत घातली. काळू मात्र हलेना.

"भित्ताडं न्हाईत, कौलं न्हाईत, आन ह्यो आपला दार राखत बसलाय," ती सांगत होती. "पाणी वावरापतूर आलेलं. मी तीनदा न्याया गेले. आमचा भिका म्हनला, मरू दे. भिका म्हंजी मालक माजा. मंग माज्या ध्यानात आलं. मी पहार घिऊन उंबराच उकरला आन घेतला डोक्याव. काळू निघाला की मागनं! शिनोलीपतूर आला उंबऱ्याच्या मागनं. मधी एकदा बी भुकला न्हाई."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. एक बाई डोक्यावर उंबरा घेऊन चालली आहे आणि मागं कुत्रं, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. बंड्या त्या वेळी झोपला होता आणि झोपेत त्याचे पाय हलत होते.

पण आमचं नशीब एवढं सरळ कुठलं? शनिवारी दादांना बघायला राजुरीची चार माणसं आली. बंड्या दारात उठला, आत पळाला, फरशीवरून घसरला, बाहेर पळाला, परत आत आला. आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं हेच त्याला कळत नव्हतं. अर्धा तास तो नरडं फुटेस्तोवर भुंकला. मी "बघितलं, बघितलं" म्हणून थकले. आत दादांचा चेहरा पांढरा पडला आणि डॉक्टरांना बोलवावं लागलं.

"उद्या गाडी सातला निघंल," भरत एवढंच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं.

गोजरबाई फाटकाशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती आमच्या दाराकडे, त्या सलग पांढऱ्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिली आणि निघून गेली. मला तिचा रागच आला. वाटलं, हिनंही हात टेकले.

रविवारी सकाळी ट्रक फाटकाशी उभा होता. भरतच्या हातात दोरी होती. मी बंड्याला शेवटची भाकरी चारत होते आणि तो ट्रककडे बघून गुरगुरत होता. तेवढ्यात वडापची जीप थांबली. टपावरून ड्रायव्हरनं आणि गोजरबाईनं मिळून एक लांब, जाड लाकूड खाली उतरवलं. ऐनाचं जुनं लाकूड, मधे झिजून खोलगट झालेलं.

"मावशी, हे काय?"

"उंबरा. घरात पडूनच व्हता," ती म्हणाली. "काळू गेला, आता कुनाला लागतोय."

लाकडाच्या दोन्ही टोकांना ओली माती चिकटलेली होती आणि मधोमध बोटभर रुंदीचं एक भोक होतं. ते मी पाहिलं, पण मन कुठं ठिकाणावर होतं? आम्ही दोघींनी तो उंबरा दारात आडवा टाकला आणि दोन बाजूंना विटा लावल्या. बंड्या जवळ आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं तो हुंगला, एका कडेला दातांच्या जुन्या खुणा होत्या तिथं जास्तच वेळ. मग आतल्या बाजूनं अंग टाकलं आणि उंबऱ्यावर हनुवटी ठेवली.

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. बंड्याचा उभा कान हलला. त्यानं भुंकायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी ट्रककडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बघितलं रे." त्यानं एक उसासा टाकला आणि हनुवटी पुन्हा खाली ठेवली.

सगळं एकदम इतकं शांत झालं की आतून दादांचा अडखळता आवाज आला, "गेलं का रं कुत्रं?"

भरतनं हातातल्या दोरीकडे बघितलं, ती ट्रकच्या टपावर भिरकावली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जाऊ द्या राव गाडी."

मी गोजरबाईचे पाय धरायला वाकले तर ती मागं सरली. "कुत्रं हाय तवर ऱ्हाऊ दे," म्हणाली. "मंग आनून दे."

उसना आणलेला तो उंबरा आमच्या बंगल्यात आठ वर्षं राहिला. पाहुणे ठेचकाळायचे, इंजिनिअर एकदा आला तो कपाळाला हात लावून गेला. दादा तीन वर्षं जगले आणि बरेचसे सावरले. संध्याकाळी ते उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि बंड्याबरोबर रस्ता बघायचे. बंड्या परकं माणूस आलं की दोनदा भुंकायचा. गोजरबाई दर वैशाखात करवंदं घेऊन यायची. "आत या" म्हटलं तरी आत न येता उंबऱ्यावरच बसायची, आणि बसल्या बसल्या त्या भोकावरून बोट फिरवत राहायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ती आली नाही. त्याच उन्हाळ्यात बंड्या उंबऱ्यावर मान ठेवून झोपला आणि उठला नाही. पंधराएक दिवसांनी मी भरतना म्हटलं, आपल्याला एक वस्तू परत करायची आहे.

जीपमध्ये उंबरा घालून आम्ही शिनोलीला गेलो. वस्तीच्या टोकाला गोजरबाईचं घर होतं. भिका जाऊन बारा वर्षं झाली होती, ती एकटीच राहायची. ती खाटेवर बसली होती, वाळून गेलेली. उंबरा बघून तिनं विचारलं, "गेला?" मी मान हलवली. "झोपंत गेला का?" मी हो म्हटलं. ती समाधानानं हसली.

मग मी तिच्या दाराकडे बघितलं. चौकटीच्या दोन्ही खांबांना खाली रिकाम्या खाचा होत्या. मधे एक चर होता, त्यात दगडमाती भरलेली. दाराच्या फळीला खालच्या अंगाला एक लोखंडी खिट्टी लोंबत होती, गंजून लाल झालेली, आणि दाराच्या मागं जात्याची तळी ठेवलेली.

"मावशी, हा उंबरा इथं बसवलेला होता?"

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

"खिट्टी त्या भोकात बसायची? मग आठ वर्षं दार कसं लावत होता?"

"जात्याचा दगड लावायची की," ती म्हणाली. "हाय काय त्यात."

आमच्या भागात बिबट्यानं माणसं नेली ती याच वर्षांत. मी माझ्या बंगल्यात लोखंडी ग्रिलच्या आड झोपत होते आणि ही इथं दाराला दगड लावून. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगावी. मी रडू लागले तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आता तू भुकू नगंस. बगितलं म्हन आन सोड."

भरतनं पहारीनं तो चर मोकळा केला, उंबरा खाचांत बसवला, दोन्ही बाजूंनी माती ठोकली. गोजरबाई भिंतीला धरून उठली आणि काळूच्या दातांच्या खुणांजवळ बंड्याच्या हनुवटीनं गुळगुळीत झालेल्या जागेवर हात ठेवला. मग आम्हा दोघांना म्हणाली, "व्हा आता बाहीर. बगू दे मला."

आम्ही अंगणात उभे राहिलो. भर दुपार होती. समोर धरणाचं पाणी चमकत होतं. दार सावकाश लागलं, आणि आतून खिट्टी भोकात पडल्याचा आवाज आला.