पांढऱ्यावर हळदीचं बोट

त्या बॅगेला परतीचा रस्ता पाठ होता, म्हणून मला ती नको होती.

निळी, चाकांची, एका बाजूची चेन अडकणारी बॅग. माझ्या चुलत बहिणीची. तिला मी ताई म्हणते. बोरीत आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. एका अंगाला आमचा गोठा, दुसऱ्या अंगाला काकांची जीप. काका जिंतूर रस्त्यावर सवाऱ्या वाहतात. ताई माझ्या चार वर्षं आधी नर्सिंग शिकायला नांदेडला गेली, तेव्हा ही बॅग घेतली होती. तिला निरोप द्यायला अख्खी गल्ली जीपपर्यंत आली होती. दिवाळीच्या आधीच बॅग परत आली, ताईसकट. का आली, हे कुणी सांगितलं नाही. ‘करमलं न्हाई’ एवढंच उत्तर विचारणाऱ्याला मिळायचं. उन्हाळ्यात ताईचं लग्न लागलं, पाथरीकडच्या गावात दिली, आणि बॅग माळ्यावर गेली.

माझा नंबर संभाजीनगरच्या कॉलेजात लागला. नर्सिंगलाच. बाबांनी पहिलं काम काय केलं, तर ती बॅग खाली काढली. ओल्या फडक्यानं पुसली, चाकांना तेल दिलं. मग मला समोर बसवून म्हणाले, "जाय. पण एक ध्यानात ठिव. एकदा का परत आलीस, तर पुन्हा पाठवणार न्हाई."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, आणि माझ्या बापाला तर मुळीच नाही. पण ते भीत भीत म्हणाले. दुधानं तोंड पोळलेली माणसं होती ती, ताकही फुंकून पिणारच. त्यांची भीती मला लागली.

मला परत यायचं नव्हतं. शिकायचं होतं, हे तर खरंच, पण त्याहून खरं असं की ताईचं काय झालं ते मी पाहिलं होतं. परत आल्यावर ती पुस्तकं उघडत नव्हती, टीव्हीवर दवाखाना दिसला तरी उठून जायची.

म्हणून कपडे निवडायला बसले तेव्हा एकही कपडा धड निवडता येईना. हसण्यासारखंच आहे. सलवार-कुर्त्यांची भीती वाटणारी मुलगी मी पहिलीच असेन. पण माझ्या डोक्यात एकच गणित होतं : ताई काहीतरी चुकीचं घेऊन गेली होती. काय, ते मला माहीत नव्हतं, आणि तेच मीही घेऊन जाईन.

बाजेवर मी दोन ढीग केले. न्यायचे आणि ठेवायचे. दर थोड्या वेळानं ठेवायच्या ढिगातलं न्यायच्या ढिगात जायचं आणि तिथलं इकडं यायचं. लग्नात घालायचा टिकल्यांचा ड्रेस नेला तर मुली म्हणणार, आली खेड्यातून नटून. नाही नेला आणि तिथं काही कार्यक्रम निघाला तर? परभणीहून आणलेली जीन्स मी बाबांसमोर एकदाही घातली नव्हती. ती नेली तर बाबांना वाटणार, चालली ही हातची. शेतात घालायचा लांब बाह्यांचा शर्ट उगीचच दोनदा बॅगेत गेला आणि दोनदा बाहेर आला. गल्लीतल्या बायका येऊन सल्ला देऊन जात होत्या. एक म्हणाली, समदे नवेच ने. दुसरी म्हणाली, नवं कायबी नेऊ नको, चोरी होते. दोघींचं ऐकलं असतं तर मी उघडीच गेले असते.

महालक्ष्म्या नुकत्याच झाल्या होत्या आणि ताई माहेरी होती. कडेवर तिची पोरगी. दोन दिवस ती माझ्या खोलीत फिरकली नव्हती. बॅग दिसू नये म्हणून असेल. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र आली, पोरीला खाली सोडलं आणि ढिगांकडं बघून म्हणाली, "रात्री काय घालून झोपशील?"

घरी दिवसभर जे अंगावर असतं त्यातच आम्ही झोपतो. झोपायचे वेगळे कपडे असतात हे मला टीव्हीवरून माहीत होतं, पण ते आपल्यालाही लागतील हे सुचलंच नव्हतं.

"दोन सैल ड्रेस वेगळे काढ. आन् आतले कपडे कुठं वाळवशील?"

"तारंवर. ओढणीखाली."

"तितं तार दहा जणीत एक असती. गडद ओढणी ने. फिकी न्हाई."

असं करत करत तिनं एकेक कपडा हातात घेतला. ह्याचा रंग जातो, बाकीचे कपडे नासतील. ह्याचा गळा मोठा, वाकलं की भीती वाटत राहते. ह्याला इस्त्री लागते. तिला सगळं ठाऊक होतं. तीन महिन्यांत तिनं एवढं शिकून ठेवलं होतं आणि चार वर्षं ते तसंच पडून होतं. मला विचारायचं होतं, ताई, तू का आलीस गं? प्रश्न अगदी ओठावर होता. पण उत्तर ऐकायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात आतून मायनं चहाला हाक मारली. माय म्हणजे माझी आई. आम्ही चहा घेऊन अंगणात बसलो. माय काही आमच्यात बसली नाही. मी परत खोलीत गेले तर बॅगेजवळ हळदीकुंकवाचा करंडा. आणि माझे तीनही पांढरे ड्रेस, सेलूहून आणलेले, अजून घडी न मोडलेले कॉलेजचे ड्रेस, जरा हललेले.

मी घडी उलगडली. कुर्त्याच्या खालच्या काठाला, मागच्या बाजूला, हळदीचं बोट. तिन्हींवर.

आमच्याकडं कोरा कपडा अंगाला लावायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळद लावतात. रंगीत कपड्यावर ते कुणाला दिसतही नाही. आणि पांढऱ्याची तर मायला धडकीच. पोरगी घराबाहेर पडायलीय, आणि तिच्या बॅगेत तीन-तीन कोरे पांढरे ड्रेस! मागं लावलं म्हणजे दिसत नाही, असा तिचा हिशेब. घालणारीला दिसत नाही, एवढंच त्यातलं खरं.

माझं डोकंच फिरलं. "माय, काय केलंस हे?"

ती दारात आली. चिडेल म्हणून मी तयारीत होते, पण ती नुसती पदराला हात पुसत राहिली. "कोरं पांढरं घरातून जाऊ देऊ नये गं. मला लय भ्याव वाटायलंय."

तिथं मला तिचं ऐकायला हवं होतं की नाही कोण जाणे. मला तेव्हा फक्त कॉलेज दिसत होतं. मी एक कुर्ता उचलला, न्हाणीत गेले आणि काठाला साबण चोळला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण भीतीनं माणूस माहीत असलेलंही विसरतं. पिवळं बोट बघता बघता लाल झालं. पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर, मागं, रक्ताचा डाग असावा तसं. मी आणखी चोळलं. ते आणखी पसरलं. मला हुंदका फुटला.

ताई न्हाणीच्या दारात आली. तिनं कुर्त्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा उतरला की माझं रडणं थांबलं. तिनं मागं वळून माय जवळ नाही ना ते बघितलं, आत आली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात बोलली.

"माझाबी असाच झालता."

वॉर्डासाठी जपून ठेवलेला कोरा ड्रेस तिनं आदल्या रात्री साबणानं धुतला होता, मागचा काठ बघितलाच नव्हता. सकाळी वॉर्डात रांगेत उभं केलेलं. मॅडमनं मागून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, जा, बदलून या. ताईला कळेचना काय बदलायचं. मुलींना कळलं, म्हणजे मुलींना जे वाटलं ते कळलं. हळद आहे म्हणून सांगितलं तर जास्तच हसल्या. दिवसभर मागं ओढणी धरून फिरली.

"आन् म्हणून तू आलीस?" मी विचारलं. अखेर विचारलंच.

"मी कुठं आले?" ताई म्हणाली. "संध्याकाळी घरी फोन केला. बोलता बोलता रडू आलं. कामून रडायलीस म्हणून अण्णानं विचारलं, मला सांगता येईना. पुरुषमाणसाला काय सांगावं? दुसऱ्या दिशी सकाळी हॉस्टेलच्या दारात जीप उभी. मी न्या म्हणलंच नव्हतं गं. मी नुसती रडले होते."

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे काका. रात्रीतच जीप काढून गेले होते. पोरगी रडायली म्हणून.

"मग इथं आल्यावर का नाही सांगितलंस?"

ताईनं नळ बंद करता करता बोट ओठावर ठेवलं. "हळद कुणी लावलती? काकूनं. तुझ्या मायनं. तिला कळलं असतं तर तिनं जन्मभर सोताला खाल्लं असतं. तूबी सांगू नको."

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. आतापर्यंत मला तिथल्या मुलींची भीती होती, मॅडमची होती, शहराची होती. आता आपल्याच माणसांची वाटायला लागली. कुणी वाईट वागलं नव्हतं. एकीनं जीव लावून हळद लावली होती, एकानं जीव टाकून जीप काढली होती, आणि तेवढ्यात ताईचं शिक्षण संपलं होतं.

ताईनं कुर्ता पिळला. "आता साबण लावू नको. उन्हात टाक, हळद उन्हानं जाती. मलाबी तवा माहीत होतं. पर सुचलं न्हाई." आम्ही तिन्ही ड्रेस तारेवर टाकले, काठ उन्हाकडं करून. मायनं विचारलं, घडी कामून मोडली? कोरा वास जाऊ द्यायलो, असं ताई म्हणाली. दुपार कलेपर्यंत डाग फिका झाला, मग शोधल्याशिवाय दिसेना.

बॅग ताईनंच भरली. सगळ्यात वर तिनं स्वतःची एक ओढणी ठेवली, जाड, गडद चॉकलेटी, तिच्याबरोबर नांदेडला जाऊन आलेली. "रडू आलं तर ह्याच्यात तोंड खुपसून रड. पोटभर रड. फोनवर रडू नको."

सेलूच्या स्टेशनवर सोडायला काकांचीच जीप होती. मायही बरोबर आली होती. मी रेल्वेच्या खिडकीतून हात हलवला तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, माझ्या शेजारच्या बॅगेकडं होतं. बाबा माझ्याबरोबर संभाजीनगरपर्यंत आले, हॉस्टेलच्या दारातून परत फिरले.

पहिले चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी जेवणाच्या रांगेत एका मुलीनं विचारलं, कुठली गं तू? परभणी म्हणाले. ती हसून म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" सगळ्या हसल्या. ही म्हण आमच्याकडचं पोरही स्वतःच सांगून हसतं. मीही शंभरदा सांगितली असेल. पण त्या दिवशी ती मला शापासारखी ऐकू आली. नाही बनलं तर परभणी. बॅग, जीप, माळा. मी ताट तसंच ठेवलं, खोलीत आले आणि चॉकलेटी ओढणीत तोंड खुपसून रडले.

नेमका तेव्हाच घरून फोन आला. उचलला नसता तर ते आणखी घाबरले असते. मी तोंड धुतलं, घसा खाकरला.

"आवाज असा कामून येतोय?" माय.

"सर्दी झालीय. पाणी बदललं ना."

पलीकडं कुजबुज झाली. मग बाबांनी फोन घेतला. "तुझा काका हितंच हाय. जीप काढू का म्हणायलाय."

किती मायेनं विचारलं होतं! मी एक श्वास जास्त घेतला असता तर ते अर्ध्या तासात निघाले असते. मी खोटं खोटं हसले, जमेल तेवढ्या मोठ्यानं. "बाबा, सर्दीसाठी कुणी जीप काढतं का? काकांना म्हणावं, झोपा. मी जेवायला चाललेय, भेंडी आहे आज."

"बरं," बाबा म्हणाले. "मग ठीक हाय."

फोन ठेवला आणि मग जे रडू आलं ते ओढणीत मावेना. मी ताईला फोन लावला. तिनं उचलला, मी नुसती रडत राहिले. तिनं का म्हणून विचारलं नाही. गप म्हणाली नाही. पलीकडं तिची पोरगी काहीतरी बडबडत होती, भांडी वाजत होती, आणि ती फोन कानाला धरून तशीच होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "झालं का रडून?"

"झालं."

"जा मग. जेव."

ताईला त्या संध्याकाळी असा फोन लावायला कुणीच नव्हतं, एवढंच माझ्या मनात आलं. मी ओढणी तारेवर वाळत टाकली आणि जेवायला गेले.